जोळीला गेलेला कोट

माझ्या लग्नातला कोट सध्या खाडीच्या बांधात आहे. पेणहून एसटीने गडबला उतरायचं आणि खाडीच्या अंगाला पाऊण तास चालायचं की एक गाव लागतं, त्या गावाचा तो बांध. सुरुवातीला ओहोटीच्या वेळी कोटाची एक बाही दिसायची. पुढे चिखलाने तीही आपलीशी केली. कोट तिथे कसा गेला हे सांगायचं तर माझी फजिती सांगावी लागते, आणि ते मी बरीच वर्षं टाळत आलो. मास्तर माणसाला दुसऱ्याच्या चुकांखाली तांबड्या रेघा मारायची सवय असते. स्वतःच्या चुकांसाठी मात्र त्याच्याकडे शाई नसते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी त्या गावच्या शाळेत शिक्षक होतो, राहायला पेणला. गावाची सगळी जमीन खारीची, म्हणजे खाडीच्या तोंडातून ओढून काढलेली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, मधे मातीचा बांध. बांध आहे तोवर भात आहे. बांधाला भगदाड पडलं की त्याला तिथे खांड म्हणतात. खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि एकदा मीठ मुरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात गवतसुद्धा विचार करून उगवतं.

खांड बुजवायची रीतही जुनी. तिला जोळ म्हणतात. हाक पडली की घरामागे एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर जातो. बाई चालते, म्हातारं चालतं, पण घरामागे एक पाहिजेच. कोणी हजेरी घेत नाही. कोण आलं नाही हे सगळ्यांना दिसतं, तेवढं पुरतं.

त्या जमिनी एके काळी आमच्या घराण्याच्या होत्या. कुळकायद्यात त्या कसणाऱ्यांच्या झाल्या, आणि झाल्या ते बरंच झालं, कारण आमच्यातल्या एकालाही नांगर कुठून धरायचा हे ठाऊक नव्हतं. जोळ चालू असली की माझे आजोबा बांधावर छत्री धरून उभे राहायचे. शेतीला आमच्या घराण्याचा हातभार तो एवढाच. पुढे आम्ही शिकलो, कोणी वकील झालं, कोणी मास्तर. गावची म्हातारी माणसं मला अजून ‘छत्रीवाल्यांचा नातू’ म्हणूनच ओळखत होती आणि मला वाटायचं, किती आदराने ओळखतात.

त्या वर्षी आषाढी अमावास्येच्या उधाणाने बांध फोडला. खांड पडली ती नेमकी एका म्हातारीच्या शेतासमोर. ही बाई म्हणजे गावच्या जोळीची कर्ती. नवरा मिठागरात राबून राबून गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब दिलेली. शेत म्हणाल तर दोन तुकडे, त्यावरच तिचं वर्षाचं पोट. नुकती लावणी झाली होती, आणि आता दिवसातून दोनदा खारं पाणी तिच्या रोपांत येऊन जात होतं.

तिने मला सगळं समजावून सांगितलं, पहिलीच्या पोराला सांगावं तसं. अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर उतरतो, त्या तीन-चार दिवसांना भांग म्हणतात. त्या दिवसांत दुपारच्या ओहोटीला खांड बुजवायची. नाही बुजली तर नारळी पौर्णिमेचं उधाण उरलेला बांधही घेऊन जाणार. मग गावाचं थोडं थोडं जाईल, तिचं सगळं जाईल.

“नुसती माती टाकली तर पाणी नेतं,” ती म्हणाली. “पोत्यात भरून टाकली तर बसते. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात पलास्तरची रिकामी पोती पडलेली असतात. चार जणांना पाठवू. मागून आणतील.”

इथे माझ्या अंगातले आजोबा जागे झाले. गावावर एवढं संकट आणि आपण रिकामी पोती मागत फिरायचं? मी म्हटलं, “काही पाठवू नका कोणाला. रोह्याला एक सेवा मंडळ आहे, आपद्ग्रस्तांना मदत करतं. मी अर्ज करतो. नवी कोरी पोती येतील, ट्रक भरून.”

“नवी कशाला पायजेत, गुरुजी? चिखलातच जायचीत.”

मी नुसता हसलो. अडाणी माणसाच्या बोलण्यावर शिकलेला माणूस हसतो तसा.

आता ‘पोती पाहिजेत’ हे लिहायला एक ओळ पुरली असती. पण मी मराठीचा मास्तर, एका ओळीत कसा मावणार? चार पानं झाली. पहिल्या पानावर सागराने रौद्र रूप धारण केलं. दुसऱ्या पानावर बळीराजाच्या डोळ्यांतल्या आसवांनी खाडी आणखी खारट झाली. चौथ्या पानाच्या शेवटी मी लिहिलं की आपल्या उदार हस्ते फूल ना फुलाची पाकळी जे प्राप्त होईल ते आम्ही शिरोधार्य मानू. पोती हा शब्द अर्जात होता. तिसऱ्या पानावर, खालच्या बाजूला.

पेणहून गाडीने रोह्याला गेलो. मंडळाचे अध्यक्ष एका कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर काही माणसं बागकाम करतात, ह्यांनी आपद्ग्रस्त धरले होते. त्यांनी अर्ज मोठ्याने वाचायला घेतला. सागराच्या रौद्र रूपाला मान डोलावली, बळीराजाच्या आसवांना चष्मा काढून पुसला. तिसऱ्या पानाला त्यांचे डोळे फारच भरून आले असावेत, कारण ते पान त्यांनी तसंच उलटलं.

“गुरुजी, येत्या रविवारी ट्रक तुमच्या गावात,” ते म्हणाले. “मात्र आमचा एक नियम आहे. यादी पाहिजे. आणि प्रत्येक घरातला एक माणूस जातीने रांगेत हजर पाहिजे. मधे कोणी खाल्लं असं व्हायला नको.”

यादी म्हटल्यावर मी खूश. परत येऊन तीन प्रतींत यादी केली, समास सोडून, अनुक्रमांक घालून. घरामागे एक माणूस. जोळीचा नियमही घरामागे एकच, आणि तेच माणूस एका वेळी दोन ठिकाणी उभं राहू शकत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गणपती जवळ आले होते. बाकीची माणसं जोह्या-हमरापूरकडे मूर्ती रंगवायला, नाहीतर कंपनीत शिफ्टला. घरामागे मोकळा हात तो एकच होता.

सप्तमी आणि अष्टमीला जोळीने खांडीत लाकडी मेढी ठोकल्या, पेंढा दाबला, आणि जोळ थांबली. पोती येणार होती. गुरुजींनी सांगितलं होतं.

रविवारी नवमी. ट्रक दहाला यायचा तो बारा वाजून गेल्यावर आला. वाटेत मंडळींनी गडबला वडापाव खाल्ले होते, सेवा करायची तर पोटात काही पाहिजे. ओहोटी तेव्हा अगदी तळाला गेली होती, खांडीत जेमतेम घोटाभर पाणी. म्हणजे कामाची वेळ हीच, आणि सगळं गाव शाळेच्या अंगणात रांगेत. कापडी फलक बांधला गेला. नारळ फुटला. अध्यक्ष बोलले, मग उपाध्यक्ष बोलले, मग अध्यक्षांना राहिलेलं काहीतरी आठवलं.

मी यादी वाचायला उभा राहिलो. म्हातारीचं नाव आलं. कोणी ओ दिली नाही. रांगेतून कोणीतरी म्हणालं, “ती बांधावर हाय. माती वढतेय एकलीच.”

“नियम तो नियम,” अध्यक्ष म्हणाले. “गैरहजर लिहा.”

आणि मी लिहिलं. ज्या बाईचं शेत पाण्यात होतं, जिच्यासाठी अर्ज केला होता, तिच्या नावापुढे मी सुवाच्य अक्षरात ‘गैरहजर’ लिहिलं. आज ते आठवलं की हात धुवावेसे वाटतात.

मग गाठोडी सुटली. त्यातून स्वेटर निघाले. मफलर निघाले. जरीची एक शेरवानी, रेशमी साड्या, गाऊन, पँटी, कोट, आणि टाय. टाय तर इतके, की गावातल्या प्रत्येक बैलालाही एक मिळाला असता. पोतं एकही नाही. ज्या गोणपाटात गाठोडी बांधली होती तेवढंच काय ते कामाचं, आणि तेसुद्धा मंडळाच्या माणसांनी घडी घालून परत ट्रकमध्ये ठेवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, पण इथे बंबसुद्धा नव्हता, बंबावर घालायचं लोकरीचं आवरण होतं.

एका गाठोड्याला पुठ्ठ्याचं लेबल होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘पेण. भूकंपग्रस्तांसाठी. पुरुष, उबदार.’ अक्षर माझं होतं.

मराठवाड्यात भूकंप झाला तेव्हा पेणला घरोघर फिरून कपडे गोळा करणाऱ्यांत मी पुढे होतो. माझा लग्नातला कोट तेव्हाच दिला होता. बायको म्हणाली होती, “द्या देऊन, तुम्हाला तो आता पोटावर येत नाही.” पोटावर न येणारा कोट देऊन मला त्या दिवशी फार उदार वाटलं होतं. घर पडलेल्या माणसाला काळ्या कोटाचं काय करायचं असतं, हा प्रश्न मला शिवला नाही. आता गाठोड्यात हात घातला तर तोच कोट वर आला. डाव्या खिशापाशी इस्त्रीचा डाग, अस्तर मीच उसवलेलं.

अध्यक्षांनी खुलासा केला. “तिकडे कपडे फार झाले होते. परत आले. दोन वर्षं आमच्या गोदामात डांबराच्या गोळ्या घालून जपलेत. दानाचा एक धागा वाया जाऊ द्यायचा नाही, हे आमचं ब्रीद.”

माझा कोट एका मिठागरातल्या गड्याच्या वाट्याला आला. फोटोसाठी त्याला तो घालायला लावला. खाली कमरेला रुमाल, अंगाला सुकलेला चिखल, वर माझा तीन बटणांचा कोट. श्रावणातलं ऊन मधूनच असं निघालं होतं की उभ्याउभ्या माणूस वाफवावा. फोटोवाला म्हणाला, हसा. गडी मला म्हणाला, “गुरुजी, याला आतून बी कापड हाय. घाम जायचा कुठनं?”

ट्रक हलला तेव्हा पावणेचार वाजले होते. खाडीत भरती चढत होती. भांगाचा एक दिवस गेला होता, आणि आता उरला होता एकच. जोह्याला जाऊन, कारखाने पालथे घालून पोती आणायची तर तो दिवसही त्यातच गेला असता. मला लाज वाटली. रागही आला. खरं तर तो स्वतःवरचा होता, पण मी तो फलकाची दोरी सोडणाऱ्या पोरांवर काढला.

म्हातारी बांधावरून आली. कमरेपर्यंत चिखल. अंगणात पसरलेल्या कपड्यांकडे पाहत ती म्हणाली, “पोती कुठं हायेत?”

“नाही आली,” मी म्हटलं, आणि मंडळाची बाजू, नियम, गोदाम असं काहीतरी सांगायला लागलो. ती ऐकत नव्हती. तिने ढिगातून एक पँट उचलली. दोन्ही हातांनी ताणून शिवण पाहिली. मग एका पायाला खाली गाठ मारली, दुसऱ्या पायाला गाठ मारली, आणि कमरेचं तोंड उघडं धरून माझ्यासमोर उभी राहिली.

“दोन पायांची पोती हायेत की,” ती म्हणाली. मग बायकांकडे वळली. “ऐकलंव का गो? उद्या घरामागं एक माणूस आन् घरामागं एक गाठोडं. कुणी घरात ठेवायचं नाय.”

कोणी ठेवलंही नाही. दशमीला पाणी ओसरायच्या आत सगळं गाव बांधावर होतं. बायकांनी साड्यांच्या पिशव्या दाभणाने टाचल्या. पँटी, स्वेटर, गाऊन, एकेकात चिखल दाबून भरला. तोंडं बांधायला टाय. टायचा इतका सरळ उपयोग मी कधी पाहिला नव्हता. एक जण बांधावरून भरलेली पिशवी सोडायचा, खालचा झेलायचा, त्याच्या खालचा मेढींच्या मधे लोटायचा, आणि वरून चार पाय तुडवायचे. शेरवानी जाताना पोरी हसल्या. तेवढंच हसणं, बाकी नुसते श्वास आणि चिखलाचा आवाज.

मीही होतो. बांधावर उभा होतो. पायात बूट होते, हातात यादी होती, ती का आणली होती देव जाणे. “डावीकडे टाका, तिकडे फट आहे,” असं मी वरून सांगत होतो. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं. खाली उतरायचं दोनदा मनात आलं. पण साडेचारची पेणची एसटी पकडायची होती, आणि चिखलाने भरलेल्या माणसाला कंडक्टर काय म्हणेल, असाही एक विचार आला. हा विचार मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

त्या गड्याने माझ्या कोटाची बटणं लावली, बाह्यांना गाठी मारल्या आणि खालची बाजू दाभणाने टाचून गळ्यातून चिखल भरायला घेतला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “हा माझा कोट आहे. माझ्या लग्नातला.”

म्हातारीने खालून वर पाहिलं. “मंग? परत पायजे?”

“नको,” मी म्हटलं.

कोट भरला तेव्हा चांगला टम्म दिसत होता. तो मला जसा कधीच बसला नव्हता तसा त्या चिखलाला बसला. दोघांनी धरून त्याला खांडीच्या तळाशी, जिथे पाणी सगळ्यात जोरात होतं तिथे, उभा घातला.

नारळी पौर्णिमेला शाळेला सुट्टी होती, तरी मी गेलो. भर दुपारी उधाण आलं. सगळं गाव बांधावर, हातात नारळ. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं. म्हातारी खांडीच्या जागी उकिडवी बसली होती आणि नव्या मातीवर तळहात टेकून होती, तापलेल्या पोराच्या कपाळावर आई टेकते तशी. पाणी उतरायला लागल्यावर तिने हात काढला आणि नारळ सोडला. मग ती रडली. आजूबाजूच्या बायकांनी तिला रडू दिलं.

गणपतीच्या आधी अध्यक्ष पुन्हा आले. त्यांच्या वार्षिक पुस्तिकेसाठी त्यांना लाभार्थी हवे होते, मिळालेल्या कपड्यांत, हसतमुख. कपडे कुठे आहेत म्हणून विचारलं तर पोरं त्यांना बांधावर घेऊन गेली. ओहोटी होती. खांडीच्या जागी चिखलातून एक पायचा, दोन मफलर आणि माझी बाही बाहेर डोकावत होती. अध्यक्षांचा चेहरा पडला, मग लाल झाला.

“हा दानाचा अपमान आहे! लोकांनी किती भावनेने दिलं होतं!”

“एक बी वाया नाय घालवला, साहेब,” म्हातारी म्हणाली. “बगा की, सगळे कामाला हायेत.”

पुस्तिका निघाली. त्यात कोट घातलेल्या गड्याचा तो जुनाच फोटो होता, आणि खाली, मिळालेल्या वस्तूंचा योग्य वापर कसा करावा याबाबत ग्रामीण भागात प्रबोधनाची नितांत गरज असल्याचं छापलं होतं. त्याखाली ‘यादी करण्याच्या मोलाच्या कामाबद्दल’ माझे आभार. रोह्याला माझा सत्कारही झाला. शाल मिळाली, लोकरीची. मी नको म्हणालो नाही. सत्कार नाकारायला जो कणा लागतो तो माझ्यात होता असं मला म्हणता येणार नाही.

दिवाळीनंतर कापणी झाली. म्हातारीचा एक तुकडा बराचसा करपला होता, दुसरा तरला. तिने आपल्या मनाने एक केलं. जोळीत आलेल्या प्रत्येक घरी ती नव्या तांदळाचं एकेक मापटं घेऊन गेली. इतकं थोडं पिकलेलं असताना वाटत सुटू नको, असं लोक म्हणाले. तिने ऐकलं नाही.

एका दुपारी ती शाळेत आली. वर्गाच्या दारात उभी राहून तिने पदराखालून मापटं काढलं आणि माझ्या टेबलावर, हजेरीच्या वहीशेजारी ठेवलं.

मी संकोचलो. म्हटलं, “आजी, हे मला कशाला? मी कुठे होतो जोळीत? मी तर वर उभा होतो.”

“व्हय, मना म्हायती हाय,” ती म्हणाली. “तुमचा आजा छत्री घेऊन वर उबा असायचा, तुमी यादी घेऊन. ह्ये तुमचं नाय. कोटाचं हाय. तुमच्या घरचा पयलाच जोळीत उतरला तो.”

पोरं माझ्याकडे बघत होती. मी रुमाल पसरला, मापटं त्यात ओतलं आणि रिकामं करून तिला परत दिलं.